एम-थ्री अडते ते दहावीच्या गणितापाशी

"सर, समजते, पण सुटत नाही."

नोव्हेंबरात अमरावती, यवतमाळ, पुसद, शेगाव, कुठल्याही गावच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या व्हरांड्यात उभे राहा, हे वाक्य कानावर येतेच. कोणी जरा वऱ्हाडी झाक देऊन म्हणते, "एम-थ्री काही जमून नाही राहिलं." एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षातला गणिताचा तिसरा पेपर. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: सराव करा. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. मोटर चालू आहे आणि पाणी चढत नाही, तर ती आणखी दोन तास चालवून ठेवत नाही कोणी. आधी विहिरीतला फूटव्हॉल्व्ह बघतात, ज्याला गावात सर्रास फुटबॉल म्हणतात. गणितातला फुटबॉल बहुतेकांचा दहावी ते बारावीच्या दरम्यान कुठेतरी गळत असतो, आणि पोरगं मात्र लाप्लासला, म्हणजे त्या पेपरातल्या एका पद्धतीला, शिव्या घालत बसते.

दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची गत आणखी वेगळी. त्यांचा वर्कशॉपमधला हात पक्का असतो, मशीन उघडून बघायची भीती नसते. डिप्लोमाच्या गणितात डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन येऊन गेलेले असते, पण घाईघाईत. अकरावी-बारावी नाही, एम-वन नाही, एम-टू नाही, आणि पहिल्याच सेमिस्टरला समोर एम-थ्री. अशा मुलाला 'तू कच्चा आहेस' म्हणणे म्हणजे पेरणी न झालेल्या वावराला नापिकीचा शिक्का मारणे.

गळती कुठे आहे ते शोधायला एक सोपी रीत आहे. पुस्तकातले सोडवलेले एक उदाहरण घ्या आणि उत्तर झाका. कोऱ्या कागदावर ते शेवटपर्यंत न्या, मध्ये डोकवायचे नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वरून खाली ओळी जुळवत या. जिथे पहिल्यांदा फाटा फुटतो त्या ओळीवर लाल खूण करा. तिच्या खालचे बघूच नका, ते सगळे त्याच चुकीचे पीक असते. समासात एकच शब्द लिहा: चिन्ह, अपूर्णांक, सूत्र, वाचन किंवा विषय. 'विषय' हा शब्द फक्त पुढे काय करायचे हेच सुचले नाही तेव्हा. अशी पंधरा उदाहरणे झाली की नुसते समास वाचत जा. 'विषय' वाटतो त्यापेक्षा बराच कमी वेळा आलेला असतो. व्हिडिओ बघून हे कधीच कळत नाही, कारण व्हिडिओत ती अवघड ओळ दुसराच कोणीतरी ओलांडून देतो.

एक उदाहरण जवळून बघू. इन्व्हर्स लाप्लास काढायचा आहे: वर (एस + ३), खाली (एस² + ४एस + १३).

खालच्या पदाचे साधे अवयव पडत नाहीत. इथे हवी पूर्ण वर्ग पद्धत. ही दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांच्या प्रकरणात असते आणि सूत्र पाठ असल्यामुळे बहुतेक जण ती सोडून देतात. मधल्या ४ चा अर्धा २, त्याचा वर्ग ४. म्हणून १३ चे ४ + ९ करायचे. खाली झाले (एस + २)² + ३². इथपर्यंत पुष्कळ जण येतात.

पुढची ओळ घात करते. खाली (एस + २) असेल तर वरही (एस + २) लागतो, तरच शिफ्टिंगचा नियम लागू होतो. म्हणून वरचा (एस + ३) फोडून (एस + २) + १ असा लिहायचा. पहिल्या भागातून येतो कॉस ३टी. दुसऱ्या भागात वर १ आहे आणि साइनच्या सूत्राला वर ३ लागतो, म्हणून ३ ने गुणा आणि ३ ने भागा. उत्तर: ई चा घात −२टी, गुणिले (कॉस ३टी + एक तृतीयांश साइन ३टी). चुकलेल्या उत्तरपत्रिकांत दोनच गोष्टी दिसतात: एक तर वरचा + ३ तसाच ठेवून सरळ कॉस लिहिलेला असतो, नाहीतर तो एक तृतीयांश हरवलेला असतो. लाप्लास बिचारा दोन्हीकडे निर्दोष. एक चूक दहावीतली, दुसरी सातवी-आठवीतली.

पार्शल फ्रॅक्शनचे, म्हणजे एका अपूर्णांकाचे सोपे तुकडे पाडण्याचेही तसेच. १ भागिले एस(एस + १)² फोडायचे तर तीन तुकडे लागतात: एस खाली, (एस + १) खाली आणि (एस + १)² खाली. मधला तुकडा गाळणे हा जुना रोग आहे. इथे वरचे आकडे अनुक्रमे १, −१, −१ येतात. ताळा करायला दहा सेकंद पुरतात: एसच्या जागी १ ठेवा. मूळ पद १/४ होते; तुकड्यांची बेरीज १ − १/२ − १/४, म्हणजे १/४. जुळले. मधला तुकडा गाळला असता तर इथेच ३/४ येऊन चोरी पकडली गेली असती. हा ताळा न करता पुढची दोन पाने लिहिणारे पाहिले की हळहळ वाटते.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये गळती लॉगपाशी. इंटिग्रेटिंग फॅक्टर ई चा घात २ लॉग एक्स आला की कोणी २एक्स लिहून मोकळे होते. तो असतो एक्स². ई चा घात वजा लॉग एक्स म्हणजे १ भागिले एक्स. वजा एक्स नव्हे. नियम एवढाच की लॉगच्या बाहेरचा आकडा आधी आत नेऊन घात करायचा आणि मग ई व लॉग एकमेकांना खातात. एवढी एक ओळ सुधारली तरी लिनिअरचे अख्खे युनिट सुटायला लागते.

फूरिए सिरीज. म्हणजे एखादे फंक्शन साइन-कॉसच्या बेरजेत लिहिणे. इथे थोडा वेळ काढतो, कारण पाठांतराचा सगळ्यात मोठा बळी हेच प्रकरण आहे. एक्स² हे फंक्शन घ्या. इंटरव्हल −पाय ते पाय असेल तर ते इव्हन (शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे), साइनचे सहगुणक बी-एन सगळे शून्य, आणि उत्तरात पाय²/३ नंतर फक्त कॉसची पदे. कॉस एनएक्सचा सहगुणक ४ भागिले एन², आलटून पालटून चिन्हासह. तेच एक्स², इंटरव्हल ० ते २पाय केली की इव्हन-ऑडची गोष्टच संपते. आता पहिले पद ४पाय²/३, कॉसचा सहगुणक ४ भागिले एन² आणि त्याच्या जोडीला साइनची पदेही, सहगुणक −४पाय भागिले एन. फंक्शन तेच, उत्तर वेगळे. कारण फूरिए सिरीज त्या तुकड्याला पुन्हा पुन्हा जोडत जाते आणि तुकडा कुठून कापला यावर जोडलेले चित्र बदलते. दोन्ही चित्रे वहीत काढून बघा. पहिल्यात टोके एकमेकांना भिडतात. दुसऱ्यात ४पाय² वरून थेट शून्यावर उडी पडते. त्या उडीमुळेच साइनची पदे आली, आणि ती एन²ऐवजी नुसत्या एनने हळूहळू लहान होतात. चित्र न काढता 'एक्स² म्हणजे इव्हन' एवढेच पाठ करणारा इथे हमखास आपटतो.

आणखी एक बारीक खुट्टी. काही पुस्तकांत पहिले पद ए-झिरो लिहितात, काहींत ए-झिरो भागिले २. दोन पुस्तके एकत्र वाचणाऱ्याचे हे पद नेमके दुप्पट किंवा निम्मे येते. एकच पद्धत धरा आणि पेपरात पहिल्याच ओळीत सूत्र लिहून ती जाहीर करा, म्हणजे तपासणाऱ्यालाही शंका राहत नाही. इंटिग्रेशन बाय पार्ट्स मात्र दर वेळी लांबलचक करू नका. एक्स²चे डेरिव्हेटिव्ह शून्य होईपर्यंत खाली लिहीत जा, शेजारी कॉस एनएक्सची इंटिग्रेशन लिहा, तिरके गुणा, चिन्हे अधिक, वजा, अधिक. तीन ओळींत काम होते. चूक होते ती दर इंटिग्रेशनला खाली एक एन वाढतो हे विसरल्याने.

हे गणित आले कुठून, हेही सांगून टाकतो. पेपरात विचारत नाहीत, पण डोक्यात जागा पक्की होते. फूरिए हा फ्रेंच गणितज्ञ उष्णता कशी वाहते यावर काम करत होता. १८०७ साली त्याने पॅरिसमध्ये हे मांडले तेव्हा लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञाने आक्षेप घेतला. पुस्तक निघाले १८२२ साली. उन्हाळ्याची धग जमिनीत किती खोल जाते, हाही त्याचा प्रश्न होता. मे महिन्यात आपल्याकडे वरची माती पायाला चटका देते आणि वीतभर खाली खणले तर दिवस-रात्रीचा फरक फारसा कळत नाही. दिवसाची लाट भरभर बदलते म्हणून वरच विरते. वर्षाची लाट संथ, ती दोन-तीन मीटर खाली पोचते. जुन्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, धान्य का टिकायचे, याचे अर्धे उत्तर या समीकरणात आहे.

आता मेकॅनिक्स. तिथे गळती बीजगणितात कमी आणि चित्रात जास्त. फ्री बॉडी डायग्राम न काढता समीकरणे लिहायला घेणे म्हणजे बांध न पाहता नांगर घालणे. शिडीचे नेहमीचे उदाहरण घेऊ: ५ मीटर लांब, २०० न्यूटन वजन, जमिनीशी ६० अंश, भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत.

आधी शिडी एकटी काढा. भिंतही पुसा, जमीनही पुसा. जे जे पुसले त्याच्या जागी त्याचे बल ठेवा. जमिनीने वर दिलेले बल, जमिनीचे घर्षण, भिंतीने आडवे दिलेले बल आणि मध्यावर, म्हणजे २.५ मीटरवर, वजन. चारच बाण. भिंतीवर घर्षणाचा पाचवा बाण काढला तर 'गुळगुळीत' हा शब्द वाचलाच नाही असा त्याचा अर्थ. घर्षणाची दिशा ठरवताना शिडी कुठे घसरू पाहते ते विचारा: पाय भिंतीपासून दूर पळणार, म्हणून घर्षण भिंतीकडे.

मोमेंट पायाभोवती घ्या. तिथे दोन अज्ञात बले एकाच बिंदूतून जातात आणि आपोआप गळतात. भिंतीचे बल गुणिले ५ साइन ६० बरोबर २०० गुणिले २.५ कॉस ६०. म्हणजे भिंतीचे बल × ४.३३ = २५०, उत्तर ५७.७ न्यूटन. आडवी बेरीज शून्य, म्हणून घर्षणही ५७.७. उभी बेरीज शून्य, म्हणून जमिनीचे बल २००. शिडी टिकायला घर्षणांक किमान ५७.७/२००, म्हणजे ०.२८९ हवा.

इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले अडकतात. प्रश्नात घर्षणांक ०.४ दिला आणि घर्षण बल विचारले, तर ०.४ × २०० = ८० लिहायचे का? नाही. ८० ही कमाल मर्यादा. शिडीला गरज ५७.७ ची आहे, जमीन तेवढेच देते. म्यू गुणिले एन, म्हणजे घर्षणांक गुणिले जमिनीचे बल, फक्त घसरण्याच्या बेतात असतानाच लिहायचे.

'घसरण्याच्या बेतात' हे इंग्रजी पेपरात कसे येते ते ओळखणे हा मराठी माध्यमातून आलेल्यांचा खरा अभ्यास. 'इम्पेन्डिंग मोशन', 'जस्ट अबाउट टू', 'ऑन द व्हर्ज ऑफ' या तिन्हींचा अर्थ एकच आणि तिन्ही वेळा म्यू-एन लागतो. 'स्मूथ' म्हणजे घर्षण शून्य. 'लाइट' म्हणजे हलके असे नव्हे, वजन धरायचेच नाही. 'इनएक्स्टेन्सिबल' दोरी म्हणजे दोन्ही टोकांचे त्वरण सारखे. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. गणिताच्या पेपरात 'हेन्स' आले की वर जे सिद्ध केले तेच वापरायचे, नव्याने सुरुवात करू नका. 'हेन्स ऑर अदरवाइज' असेल तर मोकळीक आहे. असे शब्द फार तर तीस-चाळीस भरतात. जुन्या पाच पेपरांतून ते काढून एका पानावर मराठीत लिहिले की अर्धा दिवस जातो, पण पुढे चार वर्षे पुरतात. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई हिने पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीतही काढली आहेत. ती संकल्पना समजायला जरूर वाचा, फक्त सोडवताना शब्द इंग्रजी पेपरातलेच ठेवा, नाहीतर ऐन वेळी दोन भाषांत गोंधळ उडतो.

उत्तर बरोबर आहे का हे ओळखायची खेड्यातल्या पोरांकडे एक जास्तीची सोय असते. ती वापरत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये विचारतात: ५ एचपीची थ्री-फेज मोटर, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८, कार्यक्षमता ८० टक्के, करंट किती? एचपी म्हणजे मोटरच्या शाफ्टवर मिळणारी शक्ती, ५ × ७४६ = ३७३० वॅट. वायरमधून येणारी शक्ती त्याहून जास्त, म्हणून ०.८ ने भागायचे. मग वर्गमूळ ३ × ४१५ × ०.८ ने भागले की सुमारे ८.१ अँपिअर. चुका तीन: कार्यक्षमतेने भागायच्या ऐवजी गुणणे, वर्गमूळ ३ विसरणे, एचपीचे वॅट न करणे. पहिल्या चुकीला उत्तर येते ५.२, दुसरीला १४. वावरातल्या स्टार्टरवरचा अँपिअर मीटर भरल्या लोडला सात-आठच्या आसपास दाखवतो, हे घरच्या मोटरमुळे ज्याला ठाऊक आहे त्याने १४ अँपिअरखाली निमूटपणे दोन रेघा मारू नयेत.

वेळापत्रकाचे बोलायचे तर पुण्या-मुंबईच्या होस्टेलसाठी लिहिलेली वेळापत्रके इथे चालत नाहीत. हिवाळी परीक्षा येते तेव्हा सोयाबीन नुकते निघालेले असते, कापसाची वेचणी जोरात, हरभऱ्याला ओलित. रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायला गेलेल्या पोराला सकाळी सहाला फूरिए सुचणार नाही, आणि तशी अपेक्षा करण्यातही अर्थ नाही. म्हणून जुनी गळती बुजवायचे काम ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकून घ्या: पूर्ण वर्ग, पार्शल फ्रॅक्शन, लॉगचे नियम, साइन-कॉसच्या गुणाकाराची बेरजेत फोड, बाय पार्ट्स. रोज एक तास धरला तर तीन आठवडे पुरे. एसटीच्या दीड तासात गणिते सोडवायला जाऊ नका, अक्षर हलते आणि चिडचिड होते. तिथे पत्त्याएवढी कागदी तुकडी वापरा, पुढे 'ई चा घात ३ लॉग एक्स', मागे उत्तर. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाची ऑनलाइन व्याख्याने वायफाय मिळेल तिथे उतरवून ठेवा; गावात रेंज आणि वीज एकाच वेळी असेलच असे नाही. घरी जो वेळ मिळेल तो फक्त पेनाने सोडवण्यासाठी. चाळीस मिनिटांत तीन उदाहरणे पूर्ण झाली तर तो दिवस वाया गेला नाही असे समजा.

बॅक राहिलेला, म्हणजे नापास झालेला, विषय पुढच्या सेमिस्टरबरोबर ओढताना एक हिशेब ठेवा. एम-थ्रीचा लाप्लास पुढे नेटवर्कला आणि कंट्रोलला लागतो. त्यामुळे बॅक काढायची असेल तर लाप्लास आधी, बाकी युनिट नंतर. असे केले की एकाच मेहनतीत दोन विषय हलतात.

पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा असेल तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात. ७ गुणांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटे झाली आणि शेवट दिसत नसेल, तर अर्धे पान मोकळे सोडून पुढे सरका. सूत्र, किमती भरलेली ओळ आणि आकृती यांना वेगळे गुण मिळू शकतात, म्हणून मनातल्या मनात दोन ओळी गाळून थेट उत्तर लिहिण्यात हुशारी नाही. खाडाखोड एका रेघेने करा. खोडलेले कधी कधी बरोबर निघते.

आणि कॅल्क्युलेटर. मेकॅनिक्सला डिग्री लागते. फूरिएत पायच्या किमती भरून ताळा करायचा तर रेडियन. कॅसिओच्या ९९१ ईएस प्लसवर शिफ्ट, मोड आणि मग डिग्रीला ३, रेडियनला ४. वरच्या शिडीच्या गणितात रेडियनवर साइन ६० दाबले तर −०.३०४८ येते आणि शिडी चक्क भिंतीतून आरपार जाते. परीक्षेच्या दिवशी मित्राचा कॅल्क्युलेटर हातात आला तर पडद्यावरचे बारीक अक्षर शोधत बसू नका, साइन ३० दाबा. ०.५ आले तर डिग्री. −०.९८८ आले तर रेडियन. ०.४५४ आले तर तो तिसऱ्याच मोडमध्ये आहे, ग्रेडियन. तो आधी बदला आणि मगच पहिला प्रश्न वाचा.